डॉर्सेटच्या किनाऱ्यावर मुलाबाळांसह ग्लॅम्पिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा जवळ आला की इंग्लंडमधल्या मराठी घरांमध्ये हे प्रश्न हमखास निघतात. खालची उत्तरं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाईम रीजिस आणि चार्मथ या दोन गावांच्या आसपास राहायचं ठरवलंत असं धरून लिहिली आहेत. तीन-चार दिवसांच्या सुट्टीत एकच किनारा निवडावा, तंबू त्याच्या जवळ घ्यावा आणि दिवस भरती-ओहोटीप्रमाणे आखावा, असं माझं ठाम मत आहे. बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच येतात.

डॉर्सेटच का? कॉर्नवॉल का नाही?

कॉर्नवॉल अप्रतिम आहे, पण लंडन, रेडिंग किंवा स्लाववरून निघालात तर जाण्यायेण्यातच छोट्या सुट्टीचा मोठा तुकडा जातो. लाईम रीजिस लंडनपासून साधारण दीडशे मैलांवर आहे. वाटेत रखडलो नाही तर तीन-साडेतीन तासांत पोहोचतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. डेव्हनमधल्या एक्समथपासून डॉर्सेटमधल्या स्टडलंडपर्यंतची ९५ मैलांची किनारपट्टी २००१ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. तिला जुरासिक कोस्ट म्हणतात. इथल्या कड्यांमध्ये ट्रायासिक, जुरासिक आणि क्रेटेशियस या तिन्ही कालखंडांचे थर ओळीने उघडे पडले आहेत. म्हणजे सुमारे साडेअठरा कोटी वर्षांचा हिशेब चालता चालता बघता येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला किल्ला किंवा संग्रहालय तासाभरात कंटाळवाणं होतं, पण इथे त्याला स्वतःच्या हाताने काहीतरी सापडतं. त्या वयात हा फरक फार मोठा असतो.

ग्लॅम्पिंगमध्ये नेमकं काय मिळतं?

ग्लॅम्पिंग म्हणजे आरामशीर कॅम्पिंग. तंबू आधीच उभा असतो. आत खरा पलंग, गादी, बहुतेक ठिकाणी पांघरुणं, दिवे आणि एखादा लाकडावर चालणारा छोटा स्टोव्ह. बाहेर शेकोटीसाठी फायर पिट आणि बसायला बाकडं. प्रकार अनेक आहेत. गोल, मधोमध खांब असलेला कापडी बेल टेंट. दोन-तीन खोल्यांचा मोठा सफारी टेंट. अर्धगोल लाकडी पॉड. आणि शेफर्ड्स हट, म्हणजे पूर्वी मेंढपाळ कुरणात ओढून नेत तशी चाकांवरची लाकडी खोली.

बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नका, यादी वाचा. अंथरूण-पांघरूण भाड्यात आहे का, टॉवेल आणायचे का, फ्रिज आहे की नुसता कूल बॉक्स, फोन चार्ज करायची सोय आहे का, गाडी तंबूपर्यंत जाते की सामान हातगाडीवरून न्यावं लागतं. हे शेवटचं जरूर विचारा. लहान बाळ, कुकर आणि तांदळाची पिशवी घेऊन उतारावरच्या ओल्या गवतातून चालणं जिकिरीचं असतं.

कधी जावं? शाळा चुकवून गेलो तर?

मे अखेरीचा हाफ टर्म (शाळेच्या सत्रामधली सुट्टी) आणि जूनचे शनिवार-रविवार मला सर्वांत आवडतात. जूनच्या शेवटी सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे दुपारी उशिरा पोहोचलात तरी समुद्रावर पूर्ण संध्याकाळ मिळते. समुद्र मात्र तेव्हा गार असतो. मेमध्ये पाणी बारा अंशांच्या आसपास असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते सतरा-अठरापर्यंत चढतं.

बहुतेक ठिकाणी शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार असे ठरावीक संच असतात. शाळेच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत भाव खूप चढतात. म्हणून शाळा बुडवावी का, असा प्रश्न येतो. ऑगस्ट २०२४पासून इंग्लंडभर नियम एकसारखा आहे. दहा आठवड्यांच्या काळात विनापरवानगी पाच दिवसांइतकी गैरहजेरी झाली की शाळेला दंडाचा विचार करावा लागतो. दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड असतो आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६० पौंड होतो. शाळेच्या इन्सेट डेला (शिक्षकांचं प्रशिक्षण असतं आणि मुलांना सुट्टी, त्या दिवसाला) जोडून शुक्रवार-सोमवार घेणं हा सरळ मार्ग आहे.

ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो. घरी गणपती बसत असेल तर आधी पंचांग बघा. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे अगदी त्याच आठवड्यात.

भारतातून आई-बाबा आले आहेत. त्यांना नेता येईल का?

जरूर न्या. पण त्यांच्यासाठी बेल टेंट घेऊ नका. त्याचे पलंग बुटके असतात, दारातून वाकून आत जावं लागतं आणि रात्री बाथरूमसाठी ओल्या गवतातून चालावं लागतं. गुडघेदुखी असणाऱ्यांना हे तिन्ही नको. शेफर्ड्स हट किंवा मोठा पॉड घ्या आणि आतच टॉयलेट आहे याची खात्री करा. हटला चार-पाच लाकडी पायऱ्या असतात. त्यांना कठडा आहे का, हे मालकाला फोन करून विचारा. एकाच कुरणात तुम्हाला बेल टेंट आणि त्यांना हट अशी जोडी मिळाली तर उत्तम. नातवंडं दिवसभर दोन्हीकडे धावत राहतात, आणि आजी-आजोबांना दुपारी झोपायला शांत जागा मिळते.

साडी नेसणाऱ्या आईसाठी आत थर्मल, वर फ्लीस आणि पायात मोजे घालून चालतील असे बंद बूट हवेत. चपलांनी दगडी किनाऱ्यावर चालता येत नाही. लाईम रीजिसमध्ये समुद्राकाठी सपाट फरसबंद रस्ता आहे, बसायला जागोजागी बाक आहेत. तिथे त्यांचा अख्खा दिवस छान जातो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर उपचारांचे पैसे भरावे लागतात, म्हणून प्रवास विमा चालू आहे ना, ते निघण्याआधी बघा. रक्तदाबाच्या गोळ्या मोजून घ्या.

रात्री किती थंडी असते?

जुलैतही पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, आणि कापडाच्या आत ओलावा जाणवतो. लहान मुलांना झोपवताना पायात लोकरी मोजे आणि डोक्याला पातळ टोपी घालावी. खालून गारवा येतो, म्हणून गादीवर एक गोधडी अंथरली तर वर घेतलेल्या दोन पांघरुणांपेक्षा जास्त ऊब मिळते. घरची जुनी गोधडी इथे फार उपयोगी पडते.

आता एक गोष्ट अगदी गांभीर्याने. बार्बेक्यू, शेगडी, निखारे यांतलं काहीही तंबूच्या आत आणायचं नाही. विझलेलं दिसलं तरी नाही, पाऊस आला तरी नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. इंग्लंडमध्ये तंबूत अशी माणसं गेली आहेत. आत बसवलेला स्टोव्ह वेगळा, कारण त्याचा धूर नळीने बाहेर जातो. तरीही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते बघा आणि बटण दाबून वाजतो ना याची खात्री करा. नसेल तर मालकाकडे मागा. मी स्वतःचा एक छोटा अलार्म कायम बॅगेत ठेवते.

टॉयलेट कसं असतं?

काही ठिकाणी सर्वांचं मिळून फ्लशचं, काही ठिकाणी कंपोस्ट टॉयलेट. कंपोस्टमध्ये पाणी ओतायचं नसतं, वर लाकडाचा भुसा टाकायचा असतो. नीट ठेवलेलं असेल तर वास येत नाही. पण आपल्याला पाणी लागतं, आणि त्यात पाणी गेलं तर ते बिघडतं. त्यामुळे घरात हा प्रश्न महत्त्वाचा असेल तर फ्लशचं टॉयलेट असलेलीच जागा निवडा आणि तांब्या किंवा प्रवासात नेतो ती दाबायची बाटली बरोबर घ्या. रात्रीसाठी प्रत्येकाला डोक्याला बांधायची टॉर्च द्या. हात मोकळे राहतात आणि मुलं न घाबरता चालतात.

स्वयंपाक करता येतो का? काय न्यावं?

येतो, आणि तो करण्यात मजा आहे. बहुतेक तंबूंबरोबर दोन बर्नरची गॅस शेगडी आणि थोडी भांडी मिळतात. भांडी पास्त्याच्या हिशेबाने दिलेली असतात, त्यामुळे छोटा कुकर, बिडाचा तवा, सांडशी आणि एक धारदार सुरी घरून न्या. चिमटा किंवा सांडशी तिथे कधीच नसते. पहिल्या रात्री दमून पोहोचतो, तेव्हा मुगाच्या डाळीची खिचडी, तूप आणि भाजलेला पापड यापुढे काही सुचू नये. डाळ-तांदूळ, हळद, हिंग, गोडा मसाला, मीठ एकत्र करून डबा घरूनच भरून न्यावा. तिथे फक्त धुवायचं आणि कुकरला लावायचं. सकाळी पोहे किंवा भाजणीचं थालीपीठ. बिडाच्या तव्यावर, मध्ये भोक पाडून, मंद आचेवर. शेजारच्या तंबूतली मुलं वासाने येऊन उभी राहतात, त्यांनाही एक द्यावं.

मासे खाणाऱ्यांसाठी खास सांगते. लाईम रीजिसमध्ये कॉब नावाचा जुना, वाकडा दगडी धक्का आहे. उन्हाळ्यात तिथून तासाभरासाठी बांगडा पकडायला छोट्या होड्या जातात. गळ तेच देतात. सात-आठ वर्षांच्या मुलालाही मासा लागतो, कारण एकाच दोरीला अनेक गळ असतात आणि थवा खाली आला की एकदम दोन-तीन अडकतात. हा अटलांटिकचा बांगडा आपल्या कोकणातल्या बांगड्याचा भाऊबंद. पाठीवर हिरव्या-निळ्यावर काळ्या नागमोडी रेघा, आणि अंगात तेल जास्त. होडीवरच साफ करून मागा. तंबूवर आल्यावर दोन्ही बाजूंनी तिरके छेद द्यायचे, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवायचं. मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून फायर पिटवर तापलेल्या तव्यावर टाकायचं. तेल घरच्यापेक्षा निम्मं पुरतं, कारण मासाच तेल सोडतो. कडा कुरकुरीत होईपर्यंत उलटायचा नाही, नाहीतर साल तव्याला राहते. गरम भात आणि बाटलीत भरून नेलेली सोलकढी असली की आणखी काही लागत नाही.

लाकूड जागेवरच विकत मिळतं. बाहेरून घेतलंत तर पाकिटावर ‘रेडी टू बर्न’ची खूण असलेलं घ्या. २०२१पासून इंग्लंडमध्ये कमी प्रमाणात विकलं जाणारं जळाऊ लाकूड कोरडंच असावं लागतं. ओलं लाकूड नुसता धूर करतं. एकदाच वापरायच्या बार्बेक्यू ट्रे मात्र घेऊच नका. २०२० साली मे महिन्यात याच जिल्ह्यात वेअरहॅमच्या जंगलाला मोठी आग लागली. दोनशेच्या आसपास हेक्टर जळलं, आणि त्या परिसरात अशा ट्रे सापडल्या होत्या.

बाहेर शाकाहारी मिळतं का?

मिळतं, फक्त विचारायची लाज वाटू देऊ नका. चिप्स कशात तळतात, हे प्रत्येक दुकानात विचारा. काही दुकानं अजून जनावराची चरबी वापरतात. मासा आणि चिप्स एकाच तेलात तळले जातात का, हेही. चहाबरोबर स्कोन, जॅम आणि घट्ट क्लॉटेड क्रीम खावंच, पण स्कोनमध्ये अंडं असू शकतं. डॉर्सेटचा सफरचंदाचा केक प्रसिद्ध आहे, त्यातही अंडं असतं. किनाऱ्यावर चिप्स खाताना कागद उघडा धरू नका. इथले सीगल हातातून उचलून नेतात. त्यांना मुद्दाम खाऊ घालायलाही मनाई आहे.

भरती-ओहोटीचं एवढं काय?

या उत्तरावर सगळी सुट्टी अवलंबून आहे, म्हणून सविस्तर सांगते.

लाईम रीजिस आणि चार्मथ ही गावं किनाऱ्याने जेमतेम तीन किलोमीटर अंतरावर आहेत. ओहोटीला मधला किनारा रुंद आणि सोपा दिसतो. भरती आली की पाणी थेट कड्याला भिडतं आणि मधे बाहेर पडायला वाट नसते. दर उन्हाळ्यात तिथे माणसं अडकतात आणि लाईफबोटीला जावं लागतं. मागचा कडा चढून सुटू, असं कुणाला वाटत असेल तर ते विसरा. इथले कडे मऊ चिखलाचे आहेत, ते सतत ढासळतात. मे २००८मध्ये याच दोन गावांच्या मधे सुमारे चारशे मीटर लांबीचा कडा समुद्रात उतरला. पावसानंतर पायथ्याशी साचलेला चिखल वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो.

नियम सोपा आहे. पाणी उतरत असतानाच निघायचं, पाणी सर्वांत खाली जाण्याच्या वेळेच्या दोन-अडीच तास आधी. पाणी सर्वांत खाली गेलं की तिथून परत फिरायचं, पुढे नाही. सगळा वेळ कड्यापासून लांब, पाण्याच्या बाजूने चालायचं. वेळापत्रक कुठलंही वापरा, पण ते ग्रीनिच वेळेचं आहे का ते बघा. काही छापील तक्त्यांमध्ये उन्हाळ्यातला एक तास आपल्याला मिळवावा लागतो.

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग वेगळं समजावून सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. या किनाऱ्यावर त्या दिवसांत मोठी ओहोटी दुपारच्या सुमारास पडते. म्हणजे सकाळी निवांत नाश्ता, मग किनारा, आणि चहाच्या वेळेला परत. मुलं बरोबर असतील तर बुकिंगची तारीख ठरवताना पौर्णिमा-अमावास्या बघा. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा ओहोटी भल्या सकाळी आणि संध्याकाळी पडते, आणि पाणी फारसं मागे जात नाही.

जीवाश्म खरंच सापडतात का? घरी नेता येतात का?

सापडतात, आणि किनाऱ्यावर सुटे पडलेले छोटे नेता येतात. कड्यात खणायचं नाही, हातोडी चालवायची नाही. खरं तर मुलांना हातोडीची गरजच नसते. समुद्र रोज कडा धुऊन माल बाहेर टाकत असतो.

चार्मथला किनाऱ्यावर हेरिटेज कोस्ट सेंटर आहे. आधी तिथे अर्धा तास घालवा, नमुने बघून मुलांचे डोळे तयार होतात. त्यांच्या मार्गदर्शकाबरोबरची फेरी मिळाली तर घ्याच. मग खाली उतरून, जिथे बारीक खडी आणि काळपट वाळू लाटेने एका रेषेत साचलेली असते, तिथे उकिडवं बसायचं. उभं राहून चालत शोधणाऱ्याला काही दिसत नाही. एक हातभर जागा निवडून तीच नीट बघायची. पेन्सिलच्या टोकासारखा गुळगुळीत राखाडी तुकडा दिसला तर तो बेलेम्नाइट, म्हणजे माकुलासारख्या नामशेष समुद्री जीवाचा अवशेष. पितळेसारखी चमकणारी, नखाएवढी चक्राकार गोष्ट दिसली तर तो अमोनाइट, म्हणजे चक्राकार शंखाचा नामशेष समुद्री जीव, पायराइट या चमकदार खनिजात जपला गेलेला. सुमारे एकोणीस-वीस कोटी वर्षांपूर्वी जगलेला जीव आपल्या मुलीच्या तळहातावर असतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या हातात तो ठेवा. देवघरातला शाळिग्राम त्यांनी आयुष्यभर पुजलेला असतो. नेपाळमधल्या गंडकी नदीतला शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटचा जीवाश्म. तेच चक्र, तशाच रेषा. ही गोष्ट नातवंडांना भूगर्भशास्त्राच्या पुस्तकापेक्षा आजीकडून ऐकायला मिळावी.

लाईमच्या पश्चिमेला मनमथ बीच आहे. तिथे ओहोटीला चुनखडीचे सपाट पट्टे उघडे पडतात आणि त्यांत ताटाएवढे, काही परातीएवढे अमोनाइट जागच्या जागी दिसतात. ते फक्त बघायचे. खडक शेवाळाने निसरडे असतात, लहानांचा हात धरा.

डायनोसॉरची हाडं मिळतील, असं मात्र मुलांना सांगून नेऊ नका. इथे मुख्यतः समुद्री जीव मिळतात. वेगळं, मोठं किंवा हाडासारखं काही दिसलं तर फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि केंद्रात कळवा.

पायराइटचा अमोनाइट घरी आणल्यावर गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि हवाबंद डबीत ठेवा. ओलाव्याने त्याची भुकटी होते.

मेरी ॲनिंग कोण होती?

लाईम रीजिसमध्ये १७९९ साली एका गरीब सुताराच्या घरी जन्मलेली मुलगी. वडील गेल्यावर जीवाश्म विकून घर चालवायची. १८११-१२मध्ये, अवघ्या बाराव्या वर्षी, भावाबरोबर तिने इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरीसृपाचा सांगाडा शोधला. १८२३मध्ये तिला प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचा पूर्ण सांगाडा मिळाला. तो आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. तिच्याकडून शिकलेल्या पुरुषांनी शोधनिबंध लिहिले, पण जिऑलॉजिकल सोसायटी या भूगर्भशास्त्रज्ञांच्या संस्थेने स्त्रियांना फेलो (सभासद) म्हणून घेतलं ते १९१९ साली, तिच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. १८३३मध्ये दरड कोसळली तेव्हा तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला. मुलांना ही गोष्ट सांगा, म्हणजे कड्यापासून लांब राहायचं ते वेगळं बजावावं लागत नाही. २०२२ साली लाईममध्ये तिचा पुतळा उभारला गेला. चालता चालता, हातात हातोडा, बाजूला ट्रे. गावाचं संग्रहालय तिच्या घराच्याच जागेवर आहे. मुलीला घेऊन जाणाऱ्यांनी ते चुकवू नये.

मुलांना समुद्रात सोडता येईल का?

लाईफगार्ड असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही. नारिंगी कापडी नळी फडकत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे आहे. त्या दिवशी हवा भरलेली बोट, रिंग, गादी काहीही नेऊ नका, मिनिटांत आत ओढलं जातं. पाण्यात अडचण आली तर हातपाय मारण्याआधी पाठीवर तरंगायचं, हे मुलांना स्विमिंग पुलातच शिकवून ठेवा. मदतीसाठी ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा.

लाईमला कॉबजवळ छोटा वाळूचा किनारा आहे, लहानांना तो पुरतो. वाळूत मनसोक्त खेळायचं तर वेमथला एक दिवस जा, तिथे पाणी दूरपर्यंत उथळ आहे. पण चेसिल बीचवर पोहू नका. अठरा मैलांची ती दगडगोट्यांची भिंत बघण्यासारखी आहे. पश्चिम टोकाला वाटाण्याएवढी खडी, आणि पोर्टलंडकडे जाता जाता गोटे मोठे मोठे होत जातात. मात्र तिथे किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची खडी ओढून नेते.

डर्डल डोअर राहून गेलं तर?

राहू द्या. चुनखडीची ती कमान फोटोत सर्वांनी पाहिलेली आहे, म्हणून प्रत्येकाला जावंसं वाटतं. लाईमहून ती तासाभरापेक्षा जास्त लांब, उन्हाळ्यात पार्किंग भरलेलं, आणि खाली उतरायला खड्या पायऱ्या. प्रॅम जात नाही, आजोबांना झेपत नाही. तीन रात्रींमध्ये एक दिवस तिच्यावर घालवणं मला पटत नाही. त्यापेक्षा चार्मथजवळच्या स्टोनबॅरो टेकडीवर गाडी नेऊन गोल्डन कॅपच्या दिशेने जमेल तेवढं चाला. १९१ मीटरचा तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वांत उंच कडा आहे. पार्किंग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं आहे, सभासदांना फुकट.

पाऊस लागला तर?

लागणारच, एक दिवस तरी. हलक्या सरीत किनारा छान असतो, गमबूट आणि रेनकोट घालून जा. मुसळधार असेल तर लाईमचं संग्रहालय, चार्मथचं केंद्र, आणि तंबूत पत्ते. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत गेलात तर ॲबट्सबरीला हंसांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येत असतात. अकराव्या शतकात तिथल्या मठाने ही हंसांची वसाहत राखायला सुरुवात केली, आणि घरट्यांच्या मधून चालता येतं. तंबूच्या कापडाला आतून सामान टेकवून ठेवू नका, तिथून पाणी झिरपतं.

गाडी नसेल तर?

लंडनच्या वॉटरलूवरून एक्सेटरच्या गाडीने ॲक्समिन्स्टर, पावणेतीन तासांच्या आसपास. तिथून लाईमला बस आहे. तंबू मात्र बस थांब्यापासून चालत जाता येईल असाच घ्या, गावाबाहेरच्या रस्त्यांना फुटपाथ नसतात. गाडीने जाणाऱ्यांनी शुक्रवारी दुपारी ए३०३ या रस्त्यावर स्टोनहेंजजवळ रखडायची तयारी ठेवावी. सकाळी दहाच्या आत निघालात तर वाचता.

साप, किडे?

उंच गवतात गोचिडी असतात. संध्याकाळी मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, तेल-तूप लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल, पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा तापासारखं वाटलं तर डॉक्टरला गोचिडीबद्दल सांगा. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचं नाव लाईम रीजिसवरून पडलेलं नाही, ते अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या लाइमवरून आहे. ॲडर हा इथला एकमेव विषारी साप, तो माणसाची चाहूल लागताच निघून जातो. दगडांच्या फटीत हात घालू नका, एवढं पुरे.

रात्री मुलांना घेऊन काय करायचं? गाणी लावली तर चालतात का?

स्पीकर नको. बहुतेक कुरणांमध्ये दहा-साडेदहानंतर शांतता पाळतात, आणि कापडाच्या भिंतीतून कुजबुजही ऐकू जाते. शेकोटीभोवती हळू आवाजात भेंड्या चालतात. १२-१३ ऑगस्टच्या आसपास गेलात तर मुलांना उशिरापर्यंत जागू द्या, पर्सिइड उल्कावर्षाव असतो. गोधड्या गवतावर अंथरून, दिवे मालवून, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्यायची. फोन बघितला की ती वीस मिनिटं पुन्हा मोजायची.

परतीच्या दिवसाचं काय?

सकाळी दहा-अकरापर्यंत तंबू सोडावा लागतो. आदल्या रात्रीच सामान गाडीत टाका. फायर पिटची राख हलवू नका, वरून थंड दिसली तरी आत निखारा असतो. ओले टॉवेल वेगळ्या पिशवीत. घरी पोहोचल्यावर सर्वांच्या अंगावर गोचिडी आहेत का ते पुन्हा एकदा बघा, आणि गोधडी उन्हात टाका.